बाबांच्या मांडीत १९९७ चा रॉड आहे, एमआरआय करता येईल का?

मेघना_ठाणे:
बाबा ७२ वर्षांचे. दोन महिने झाले, कंबरेतून कळ निघते ती थेट डाव्या पोटरीपर्यंत. डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय लिहून दिलाय. नंबर लावायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. अंगात धातू? म्हटलं, उजव्या मांडीत रॉड आहे, १९९७ ला तीन हात नाक्यावर स्कूटरने उडवलं तेव्हाचा. तर म्हणाली, "इम्प्लांटचं कार्ड आणा, नाहीतर होणार नाही."

कार्ड कुठून आणू? फाइल होती, पलंगाखालच्या ट्रंकेत. २६ जुलै २००५ ला घरात गुडघाभर पाणी शिरलं आणि तिचा लगदा झाला. ऑपरेशन केलेलं नर्सिंग होमही बंद पडलंय. रॉड स्टीलचा की टायटॅनियमचा, देव जाणे. शेजारचे काका म्हणतात, मशीन रॉड खेचून बाहेर काढेल. बाबा त्यांच्यासमोर हसले, पण रात्री मांडी चाचपत बसलेले मी पाहिलेत. कुणाला अनुभव?

ऐरोलीकर:
सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. मानेचा एमआरआय आरामात झाला. पुढे गुडघ्याचाच करायची वेळ आली, तेव्हा मात्र फिल्मवर सांध्याच्या जागी नुसता काळा डबरा. धातूच्या आसपासचं चित्र बिघडतं म्हणे. बाबांची कंबर मांडीपासून लांब आहे, ती दिसेल. आणि रॉड विमानतळावर वाजतो का ते आठवून बघा, त्यावरून कळेल.

लोहचुंबक:
विमानतळावरून काही कळत नाही हो. ते दार टायटॅनियमलाही वाजू शकतं. मी बारा वर्षं एमआरआयवर टेक्निशियन आहे. आम्ही दोन गोष्टी बघतो, चुंबक ओढेल का आणि वस्तू तापेल का. हाडातले रॉड साधारण टायटॅनियमच्या मिश्रधातूचे नाहीतर ३१६एल स्टीलचे असतात. हे स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, त्यात हाडात स्क्रूने आवळलेलं. ते काकांना सांगा. रेडिओ लहरींनी थोडं तापू शकतं, म्हणून पेशंटच्या हातात रबरी फुगा देतो. मांडीत गरम वाटलं की दाबायचा, आम्ही थांबवतो.

मेघनाताई, मांडीचा एक्स-रे काढून घेऊन जा आणि थेट रेडिओलॉजिस्टना भेटा. कार्ड नसताना करायचं की नाही हे ते ठरवतात, काउंटर नाही. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन आहे का तेही विचारा.

मला रॉडपेक्षा दुसरीच शंका आहे. बाबा काम काय करायचे?

मेघना_ठाणे:
वागळे इस्टेटमध्ये लेथवर, ३१ वर्षं. का हो दादा?

लोहचुंबक:
वाटलंच. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवाल्यांच्या डोळ्यात कधीतरी लोखंडाचा कण गेलेला असतो. रॉड हाडात पक्का, पण बुबुळामागे राहिलेला कण चुंबकाजवळ सरकू शकतो. असा कण हलून डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली, अशी केस १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. फॉर्मवर हा प्रश्न असतोच. लोक न वाचता 'नाही' वर टिक मारतात. तुम्ही काय केलंत?

बरोबर आत जाणाऱ्यांनीही खिसे रिकामे करायचे. चुंबक दिवसरात्र चालू असतो, मशीन गप्प असलं तरी. २०१४ मध्ये इथेच खारघरला ऑक्सिजनचा सिलिंडर आत गेला आणि दोन कर्मचारी सिलिंडर नि मशीनच्या मध्ये काही तास अडकले होते.

कोपरीचा_बाळ:
कृपया रॉडचं उत्तर पेसमेकरला लावू नका कुणी. वडिलांच्या वेळी पेसमेकर आणि त्याच्या वायरी दोन्ही एमआरआयला चालतात का ते तपासलं, मग माणूस येऊन तो वेगळ्या मोडवर टाकून गेला. तेव्हा कुठे आत घेतलं.

मेघना_ठाणे:
'नाही' वर टिक मारली होती, खरंच.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "कचरा काय, आठवड्याला जायचा." दोन-तीनदा डॉक्टरांनी सुईने काढला होता, आणि एकदा "थोडा राहिलाय, निघेल आपोआप" म्हणून पट्टी बांधून परत पाठवलं होतं. हे आईलाही माहीत नव्हतं! रेडिओलॉजिस्टबाईंनी हे ऐकल्यावर मांडीचा एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी डोळ्यांचा काढायला लावला. काही निघालं नाही. मग घेतलं आत, १.५ वरच.

बाबांनी घड्याळ, चष्मा, दातांची कवळी सगळं दिलं, फक्त करगोट्याला बांधलेली कपाटाची किल्ली सांगायची राहिली. ती टेक्निशियनच्याच हाताला लागली, दाराबाहेर. रॉड गरम झाला का विचारलं तर म्हणाले, "रॉडचं काही नाही, पण तो आवाज! आमचा लेथ बरा."

कंबरेत काय निघालं त्याचा वेगळा धागा काढते.