पहिला भाड्याचा फ्लॅट: बँक देते तेवढं कर्ज उचलावं का?

हिशोबनीस
मुद्दा आधी सांगतो, आकडे नंतर. मुंबईत भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेताना कर्ज तेवढंच काढावं, ज्याचं व्याज निव्वळ भाड्यातून सुटेल. हप्ता नव्हे, नुसतं व्याज.

बोरिवली-कांदिवलीकडचा रीसेल वन बीएचके धरू. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, करार १ कोटीचा, भाडं २८ हजार. बँक जास्तीत जास्त ७५ लाख देईल. स्टँप ड्युटी ६ लाख, नोंदणी ३० हजार, दलाली १ लाख, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार, रंग-प्लंबिंग-ग्रिल मिळून २ लाख. यातल्या कशालाच गृहकर्ज मिळत नाही. म्हणजे स्वतःच्या खिशातून २५ नव्हे, ३४ लाख ५५ हजार.

आता भाडं. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतं, म्हणून अकरा महिने धरा: ३ लाख ८ हजार. मेंटेनन्स ४८ हजार, दर दोन वर्षांनी एक महिन्याची दलाली म्हणून १४ हजार, नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो आकार) आणि किरकोळ दुरुस्ती १६ हजार. उरले २ लाख ३० हजार. कार्पेट ५०० चौरस फुटांच्या आत असेल तर पालिकेचा मालमत्ता कर २०२२पासून माफ आहे, म्हणून तो धरला नाही.

७५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ६५,०८७. वर्षाला ७ लाख ८१ हजार. पगारातून दरमहा सुमारे ४६ हजार घालत राहायचे. याला गुंतवणूक म्हणायचं की दुसरं बिऱ्हाड पोसणं? २ लाख ३० हजारांत व्याज भागतं ते २७ लाखांच्या कर्जाचं. माझ्या मते तीच मर्यादा.

कांदिवली_पूर्व
आणि उरलेले ८२ लाख रोख कुठून आणायचे, तेही सांगा की! एवढे ज्याच्याकडे पडून आहेत त्याला धागा वाचायची गरज नाही.

तुम्ही हप्ता आणि खर्च एकाच पारड्यात टाकलात. पहिल्या वर्षाच्या ७ लाख ८१ हजारांत साधारण दीड लाख मुद्दल फिटतं. ती तुमचीच मालमत्ता. खरी वार्षिक तूट ७.८१ उणे २.३० म्हणजे ५.५१ लाख नव्हे, ४ लाखांच्या आसपास. शिवाय हप्ता वीस वर्षं जवळपास तिथेच राहतो आणि भाडं चढतं. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर २८ हजारांचे दहा वर्षांनी साडेपंचेचाळीस होतात.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. बोनस आला की टाका मुद्दलात. त्याहून बरं म्हणजे ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज घ्या. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि अडीनडीला काढताही येतात. दर थोडा जास्त असतो, तो चालवून घ्या.

एक बारीक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के मिळतात, ७५ लाखांवर ७५ टक्के. म्हणून ९३ लाख ७५ हजारांच्या फ्लॅटलाही ७५ लाखच आणि १ कोटीच्या फ्लॅटलाही ७५ लाखच. मधले सव्वासहा लाख पूर्ण तुमच्या खिशातून जातात. या पट्ट्यातल्या घराची घासाघीस करताना हे डोक्यात ठेवा. तिथे कमी केलेला प्रत्येक रुपया रोखीचा आहे.

हिशोबनीस
मुद्दल वेगळं काढू, मान्य. मग खिशातल्या ३४.५५ लाखांचाही हिशोब लावा. ७ टक्क्यांनी एफडीत ठेवले तर २ लाख ४२ हजार. व्याज ६.३२ लाख उणे निव्वळ भाडं २.३० म्हणजे तूट ४.०२. दोन्ही मिळून ६.४४ लाख. घराची किंमत दरवर्षी जवळजवळ साडेसहा टक्के वाढली तर पहिल्या वर्षी तुम्ही आहात तिथेच आहात. विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर, तो वेगळा. वाढ होईलच असं गृहीत धरून हप्ता ठरवणं म्हणजे सट्टा.

कलम_तेवीस
दोघांनीही आयकर सोडला, आणि तिथेच पहिल्यांदा घेणाऱ्याचा घोटाळा होतो. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेंटेनन्स, दुरुस्ती सगळं त्यातच आलं, वेगळं मागता येत नाही. वरच्या उदाहरणात ३,०८,०००चे २,१५,६०० राहतात. त्यातून ६.३२ लाख व्याज वजा करा, म्हणजे ४ लाख १६ हजारांचा तोटा.

जुन्या करप्रणालीत यातले २ लाख पगारातून वजा होतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून ६२,४०० रुपये कर वाचतो. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण फक्त घरभाड्याच्या उत्पन्नाविरुद्ध. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजाही होत नाही आणि पुढेही जात नाही. भाड्यावरचा कर शून्य होतो, बस्स. ‘कर्ज घे, टॅक्स वाचेल’ असं सांगणारे काका अजून जुन्या प्रणालीत आहेत.

नाव कुणाचं घालायचं, याचाही विचार करारापूर्वी करा. फक्त स्त्रीच्या नावावर घर असेल तर स्टँप ड्युटी एक टक्का कमी, म्हणजे इथे १ लाखाची बचत. सोबत नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. पण बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि पैसे नवऱ्याचे असतील, तर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. दोघं कमावते असतील तर हिस्सा टक्क्यांत करारातच लिहा आणि पैसेही त्याच प्रमाणात आपापल्या खात्यातून द्या.

अंबरनाथ_फास्ट
कोटीच्या मागे लागताच कशाला? बदलापूर, विरारला ३०-३५ लाखांत मिळतो. कर्ज कमी, झोप शांत.

कांदिवली_पूर्व
झोप शांत, घरही शांत. तिथे नव्या इमारती इतक्या आहेत की भाडेकरूला पर्याय भरपूर. सात-आठ हजार भाड्यात दोन महिने रिकामं राहिलं आणि एकदा रंग काढला की वर्षाचा नफा धुऊन निघतो. मेंटेनन्स मात्र लिफ्टवाल्या टॉवरचा.

हेवी_डिपॉझिट
मुंबईत बसून हेवी डिपॉझिट कुणालाच आठवलं नाही? भाडेकरूकडून १० लाख घ्या, भाडं कमी करा, रक्कम ओव्हरड्राफ्ट खात्यात ठेवा. साडेआठ टक्क्यांनी एक लाखामागे महिन्याला ७०८ रुपये व्याज वाचतं. लाखामागे ७०८पेक्षा कमी भाडं सोडावं लागत असेल तर सौदा मालकाच्या फायद्याचा.

हिशोबनीस
गणित बरोबर, पण हे दुसरं कर्जच आहे आणि ते एका दिवसात परत मागितलं जातं. मुदत संपली, भाडेकरू टेंपो घेऊन खाली उभा आहे, नवा भाडेकरू ठरलेला नाही आणि १० लाख दिल्याशिवाय चावी मिळत नाही. मुद्दलात कायमचे भरून टाकलेत तर मेलात. ओव्हरड्राफ्टमध्ये न हलवता ठेवले तरच.

कलम_तेवीस
तेही नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरारात पूर्ण डिपॉझिट लिहून. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ने लेखी करार आणि नोंदणी सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवणं तुमच्यावर. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याविरुद्ध कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च पाहा. दोन वर्षं, २० हजार भाडं, १० लाख डिपॉझिट. भाडं ४ लाख ८० हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून २ लाख. एकूण ६ लाख ८० हजारांच्या ०.२५ टक्के म्हणजे १,७०० रुपये स्टँप आणि १,००० नोंदणी. एवढ्यासाठी पळवाट शोधणारे मालक बघून कीव येते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं वेगळं, तेही करा.

शेअर_सर्टिफिकेट
कर्जाचा टक्का ठरवण्याआधी बँक कर्ज देईल का, ते तपासा. रीसेलमध्ये गाडी अडते ती चेन अॅग्रीमेंटवर. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून आजपर्यंतचा प्रत्येक मूळ करार लागतो, स्टँप भरलेला. एक जरी गहाळ असला तरी पोलीस तक्रार, जाहीर नोटीस आणि बँकेच्या वकिलाच्या दारी खेटे. म्हणून टोकन देताना लिहून घ्या: बँकेच्या वकिलाने कागद नाकारले तर टोकन पूर्ण परत. दलाल तोंडी हो म्हणतो, लिहायची वेळ आली की गप्प होतो.

इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून बँक मुदत कापते. वीसऐवजी बारा वर्षं झाली तर ७५ लाखांचा हप्ता ८३ हजारांवर जातो आणि वरची सगळी गणितं कोलमडतात.

विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापायचा, इथे १ लाख. करार ५० लाखांच्या आतला असेल तर नाही. विकणारा एनआरआय असेल तर दर बराच जास्त आणि पद्धतही वेगळी. अशा वेळी सीए गाठा, दलालाला विचारू नका.

कांदिवली_पूर्व
जुनी इमारत म्हणून नाक मुरडू नका. रीडेव्हलपमेंटला गेली तर बांधकाम होईपर्यंत बिल्डर भाडं देतो, वर जादा कार्पेट.

शेअर_सर्टिफिकेट
देतो तोवर देतो. काम रखडलं की आधी तेच भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही. शिवाय फ्लॅट गहाण असेल तर सोसायटीच्या होकारासोबत तुमच्या बँकेची एनओसीही (ना-हरकत पत्र) लागते, आणि ती मिळायला महिने जातात. जुन्या इमारतीत घेणारच असाल तर हिशोबनीसांची २७ लाखांची मर्यादा पाळा, आणि सहा हप्त्यांची रक्कम वेगळी काढूनच करारावर सही करा.