मदत हवी आहे: वर्ष संपत आलंय, सातवीची मुलं वर्गात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. परीक्षा आटोपली की मुलांच्या लेखी वर्षच संपतं, पण शाळा अजून सुरूच असते. फळ्याकडे पाठ, वह्या दप्तरातच, आणि शेवटच्या तासाला तर नुसता कल्ला. चित्रपट लावून वेळ काढणं मला पटत नाही. या वयात मुलांना स्वतःचं डोकं चालवायला मिळालं तर ती किती रमतात, हे मी पाहिलंय.

परवा दोऱ्याला नट बांधून लंबक करायला दिला. सगळ्यांची पैज एकच: जड नट लावला की झोका लवकर पूर्ण होणार. मोजलं तर फरक नाही! मग दोरा लांब-आखूड करणं सुरू झालं. एक मीटर दोऱ्याला एका पूर्ण झोक्याला साधारण 2 सेकंद लागतात, हे त्यांनी स्वतः शोधलं. दहा झोके मोजून भागाकार करायची युक्ती तर मागच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या मुलीने सुचवली. घंटा झाली तरी कोणी उठेना.

पण रोज असं काय आणायचं? गुण मिळणार नाहीत म्हटल्यावर काही जण हातच लावत नाहीत, त्यांचं काय करता? मुलांनाच धडा शिकवायला दिला तर जमतं का? भाषा, इतिहासवाल्यांनीही सांगा. सामान कमी लागेल असं हवंय, आणि वर्ग मोठा आहे.