राज्य पुरस्कार ते राष्ट्रपती पुरस्कार : स्काउट भाच्याची तयारी घरून कशी करून घ्यावी? (नाशिक)

गोदाकाठची
भाचा आठवीत आहे, शाळा नाशिकरोडला. स्काउटमधल्या पायऱ्यांपैकी, म्हणजे सोपानांपैकी, तृतीय सोपान झालं. आता राज्य पुरस्काराचं चाचणी शिबिर आणि त्यानंतर राष्ट्रपती पुरस्कार, असा बेत आहे. स्काउट मास्तर चांगले आहेत, पण एका पथकामागे एकटेच. आमच्या घरात आधी कुणी स्काउट नव्हतं, त्यामुळे मदत म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही. गाठी त्याला येतात म्हणतो, पण मला तपासता येत नाहीत. लॉगबुक (कामांच्या नोंदींची वही) अर्धवट आहे. हाइकसाठी अंजनेरी चालेल का? आणि प्रावीण्य पदकं कोणती घ्यावीत? बाजारातून नायलॉनची दोरी आणून ठेवली आहे, तीही ठीक आहे का सांगा.

लॉगबुकवाला
ताई, गाठी नंतर. आधी कागद.

या वाटेवरची मुलं अडकतात ती बहुतेक तारखांवर. प्रत्येक सोपानाला किमान कालावधी असतो. प्रथमसाठी सहा महिने, द्वितीय आणि तृतीयसाठी नऊ-नऊ, आणि राज्य पुरस्कारानंतरही लगेच पुढच्या चाचणीला बसता येत नाही. प्रवेशापासून मोजलं तर सगळा प्रवास चारेक वर्षांचा होतो. त्यामुळे आज एका कोऱ्या पानावर प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय यांच्या तारखा लिहा आणि दोन तारखांमधलं अंतर मोजा. मग तेच आकडे लॉगबुक, प्रमाणपत्रं आणि शाळेच्या पथक नोंदवहीशी ताडून बघा. तीन ठिकाणी तीन तारखा निघणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. दुरुस्ती आत्ता मास्तरांच्या सहीने होते, शिबिराच्या दारात होत नाही.

नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच हवी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरात, असंही नको. पथकाची वार्षिक नोंदणी आणि फी चालू वर्षाची आहे का, हे मास्तरांना नम्रपणे विचारा. मुलगा कितीही तयार असला तरी पथकाची नोंदणी थकलेली असली की अर्ज जिल्हा संस्थेतच थांबतो. ऑनलाइन नोंदणीतला त्याचा बीएसजी (भारत स्काउट्स आणि गाइड्स) क्रमांकही लिहून ठेवा.

लॉगबुक त्याच्याच अक्षरात हवं. तुम्ही किंवा त्याच्या आईने सुवाच्य लिहून दिलेलं परीक्षकाला पहिल्या पानावर ओळखू येतं, मग प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात. व्हाइटनर नको, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला मास्तरांची सही. हाइकचा अहवाल त्याच संध्याकाळी लिहायचा. निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, दिशा, वाटेतल्या खुणा, हवामान, खर्च आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. आठवड्याने लिहिला की वेळा गोल होतात. दहा वाजता निघालो, बारा वाजता पोचलो! खऱ्या अहवालात 10.25 असतं.

दर महिन्याला सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. पावसाळी शिबिरात भिजलेल्या वहीचं पुढे काही होत नाही.

सुतळी
नायलॉन परत करा, किंवा कपडे वाळत घालायला ठेवा. बांबूही गुळगुळीत आणि नायलॉनही, त्यामुळे लॅशिंग, म्हणजे बांबू एकमेकांना दोरीने बांधणं, सरकतं. 6 मिमीची सुती दोरी किंवा सिसाल घ्या. काथ्या चालतो, पण हात सोलतो आणि गाठ बारीक बसत नाही. गाठींच्या सरावाला दीड मीटरचे दोन तुकडे पुरेत, शक्यतो दोन रंगांचे, म्हणजे शीट बेंड या गाठीत कुठली दोरी कुठून गेली ते तुम्हालाही दिसेल. टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्याने व्हिपिंग करून (घट्ट गुंडाळून) बांधायला लावा. टोक उसवलेली दोरी घेऊन चाचणीला उभं राहिलं की तिथेच गुण जातात.

तुम्हाला तपासायचं ना, तर एवढं बघा.

रीफ नॉट : दोन्ही टोकं आपापल्या मूळ दोरीला समांतर आणि एकाच बाजूला पडली पाहिजेत. टोकं आडवी, काटकोनात निघाली तर ती ग्रॅनी आहे, ताण आला की सरकते.
शीट बेंड : जाड दोरीचा लूप, बारीक दोरी त्यात गुंफायची. दोन्ही मोकळी टोकं एकाच बाजूला.
बोलाइन : लूपमध्ये पाय घालून जोरात ओढा. लूप आवळला तर चूक.
क्लोव्ह हिच : काठीवर दोन वेढे शेजारी-शेजारी, वर एकच तिरकी पट्टी. तिरक्या पट्ट्या दोन दिसल्या तर बिघडली.

आणि प्रत्येक गाठ कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. बोलाइन बांधता येते, पण वापर विचारला की मुलगा गप्प, असं फार दिसतं. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन, आणि उभ्या खांबाला अशा तिन्ही तऱ्हांनी बांधायला लावा. मांडीवर बांधलेली गाठ खांबाशी उलटी होते, म्हणून हा खटाटोप.

आता लॅशिंग. यात खरी गंमत आहे आणि खरी पडझडही. स्क्वेअर लॅशिंगला 5 सेंमी जाडीच्या बांबूंसाठी साडेतीन मीटर दोरी मोजून द्या. सुरुवात उभ्या बांबूवर, आडव्याच्या खाली, क्लोव्ह हिचने. उरलेलं छोटं टोक मुख्य दोरीला पीळ घालून गुंतवून टाकायचं. मग तीन-चार वेढे. एका बांबूवर प्रत्येक नवा वेढा आधीच्याच्या बाहेरून, दुसऱ्यावर आतून, म्हणजे दोऱ्या एकमेकींवर चढत नाहीत. त्यानंतर दोन बांबूंच्या मधून दोन-तीन फ्रॅपिंग, म्हणजे आवळणारे वेढे. शेवट आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने.

ढिलेपणा येतो तो वेढ्यांतून नाही, फ्रॅपिंगमधून. मुलं वेढे ताणून घालतात आणि फ्रॅपिंग नुसतं गुंडाळतात. प्रत्येक फ्रॅपिंगला दोरी एका छोट्या काठीला गुंडाळून, पाय रोवून ओढायची. झालं की आडव्या बांबूच्या टोकावर हाताने भार द्या. कुरकुर ऐकू आली तर सोडून पुन्हा. तिपाईला तीन बांबू शेजारी ठेवून आठच्या आकड्यासारखे सहा वेढे, दोन्ही फटींत दोन-दोन फ्रॅपिंग, दोरी पाच मीटर. इथे उलटं : फार आवळलं तर तिपाई उघडतच नाही.

बांबू पेराजवळ बांधला तर घसरत नाही. ओला, हिरवा बांबू वाळला की आकसतो, काल घट्ट असलेलं आज हलतं. बांबूंचं बांधलेलं गॅजेट रात्रभर ठेवायचं असेल तर सकाळी पुन्हा तपासायचं.

गोदाकाठची
बापरे. ग्रॅनीचं लगेच तपासलं. चारांतल्या दोन ग्रॅनीच निघाल्या. 🙈 हाइकचं कुणी सांगाल का?

म्हसरूळचा_कंपास
अंजनेरी चालायला छान, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, गिधाडं आणि दुर्मीळ वनस्पती तिथे आहेत. चूल पेटवणं, फांद्या तोडणं विसरा. त्यामुळे हाइक आणि स्वयंपाक एकत्र उरकायचा असेल तर अंजनेरी नको. पेठ रोडवरचं रामशेज बरं. आशेवाडीतून चढ सोपा आहे. चूल मात्र गडावर नाही, पायथ्याला कुणाच्या तरी मोकळ्या शेतात, मालकाला विचारून. जून ते सप्टेंबर कातळ निसरडा असतो, लहान मुलांचा संघ असेल तर दिवाळीनंतर न्या.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून 1:50,000 चा नकाशा पीडीएफमध्ये घ्या. छापताना दुकानदार ‘फिट टू पेज’ करून देतो आणि तिथेच प्रमाण मरतं. शंभर टक्के आकारात छापून घ्या, मग खालच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी लावा : 2 सेंमी म्हणजे 1 किमी आलं पाहिजे. समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. त्या रामशेजच्या कड्याभोवती कशा चिकटून येतात आणि पायथ्याला कशा फाकतात, हे आधी नकाशावर बघून मग प्रत्यक्ष चढला की पोराला पुन्हा समजवावं लागत नाही. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) वाचताना आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. उलटं वाचणारे इतके असतात की परीक्षक मुद्दाम तेच विचारतात.

कंपास वापरताना मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यायचा. फोनच्या कव्हरमधलं चुंबक सुई सहज हलवतं. गाडी, लोखंडी कुंपण आणि विजेच्या तारा यांच्यापासूनही दूर. नाशिकला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, हाइकपुरता सोडून दिला तरी चालतो. पण फरक असतो आणि का असतो, हे सांगता यायला हवं.

अंदाजांची तयारी घराजवळ होते. 100 मीटर मोजून खुणा करा, तीनदा चालवा, पावलांची सरासरी काढा. 140 पावलं आली तर एक पाऊल साधारण 71 सेंमी. चढावर हेच पाऊल आखूड होतं, म्हणून चढावरचा आकडा वेगळा काढून ठेवायचा. उंचीसाठी सावली : दीड मीटर काठीची सावली 1 मीटर आणि झाडाची 9 मीटर असेल, तर झाड साडेतेरा मीटर. दोन्ही सावल्या लागोपाठ मोजायच्या, आणि जमीन सपाट हवी.

नदीची रुंदी सोमेश्वरच्या बाजूला किंवा आनंदवल्लीला मोकळा काठ बघून करा, गोदाघाटावर गर्दीत नको. पलीकडचं एक झाड ठरवा, त्याच्या बरोबर समोर पहिली खूण. तिथून काठाला धरून 20 पावलं, तिथे काठी रोवा. त्याच रेषेत आणखी 10 पावलं, आणि तिथून काटकोनात नदीकडे पाठ करून चालत सुटा. वळून बघता काठी आणि पलीकडचं झाड एका रेषेत आलं की थांबा. हे शेवटचं अंतर दुप्पट केलं की रुंदी. काटकोन तिरका झाला तर उत्तर भलतंच येतं, म्हणून दोन दोऱ्यांनी 3-4-5 चा त्रिकोण आखून घ्या. धरणातून पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी काठावर जाऊच नका.

चुलीवरची
भांड्यांशिवायच्या स्वयंपाकाचं कुणी बोललंच नाही, म्हणून थोडक्यात. दोघांना 250 ग्रॅम कणीक, घट्ट मळलेली, बोटाएवढ्या जाड वळ्या करून काठीला पीळ देत गुंडाळायच्या आणि निखाऱ्यावर फिरवत भाजायच्या. ज्वाळेवर धरली की वरून काळी, आतून कच्ची. मध्यम बटाटा ओल्या मातीत लिंपून निखाऱ्यात 40 मिनिटं. रताळ्याला कमी वेळ लागतो.

काठी कसली, हे सगळ्यात महत्त्वाचं. कण्हेरीची काठी कधीही नाही, विषारी असते. रुईसुद्धा नाही. रस्त्यांच्या दुभाजकात कण्हेरच लावलेली असते आणि तिच्या काठ्या सरळसोट, म्हणून मुलांचा हात तिकडेच जातो. कडुनिंबाने चव कडू होते, बाभळीचे निखारे टिकतात. चुलीला नदीतले ओले दगड लावू नका, तापले की फुटतात. बंद पेरांचा बांबूही आगीत फुटतो.

प्रथमोपचार_ताई
जुन्या पुस्तकांवरून प्रथमोपचार पाठ केले असतील तर तीन गोष्टी दुरुस्त करून घ्या. सर्पदंशाला आवळपट्टी नाही, चीर नाही, चोखणं नाही. अंगठी, कडं काढायचं, हात-पाय फळीने स्थिर करायचा, रुग्णाला चालवायचं नाही, 108. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, 20 मिनिटं वाहतं साधं पाणी. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही. पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं सलग दाबून धरायचा, दर मिनिटाला सोडून बघायचं नाही.

सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून श्वास देणं) 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंमी खोल. हा सराव पुतळ्यावरच करायचा, भावावर नाही.

त्रिकोणी बँडेज विकत आणू नका. मीटरभर रुंद सुती कापडाचा चौकोन तिरका कापला की दोन होतात. झोळीत हात कोपरापेक्षा थोडा वर, बोटांची टोकं उघडी, गाठ मानेच्या मणक्यावर नाही तर गळ्याच्या हाडाजवळच्या खळग्यात. आणि ती रीफ नॉटच.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. पदकांचं तेवढं राहिलं. यादी इतकी मोठी आहे की तो सोपी सोपी निवडतोय.

लॉगबुकवाला
सोपी-अवघड बघू नका, वेळ बघा. काही पदकांची परीक्षा एका बैठकीत होते, काहींना महिनोन्महिने नोंदी लागतात. बागकाम, साक्षरता, निसर्ग अभ्यास ही दुसऱ्या प्रकारातली. ती आधी सुरू करायची. बागकाम जूनमध्ये, रोपं पावसावर लागतात. निसर्ग अभ्यासात पक्षी घेतले तर नांदूर मधमेश्वरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तेव्हा स्थलांतरित पक्षी असतात. तारीख, वेळ, संख्या, काय करत होता, असं लिहायचं, नुसती नावांची यादी नाही. पाथफाइंडर (वाटाड्या) पदक घेतलं तर घराभोवतीचा परिसर पाठ हवा : सिव्हिल हॉस्पिटल, शिंगाडा तलावाचं अग्निशमन केंद्र, द्वारका चौकातून कुठला रस्ता कुठे जातो. अनोळखी माणसाला चार वाक्यांत पोचवता आलं पाहिजे, डावं-उजवं सांगून.

राज्य आणि राष्ट्रपती, दोन्हींसाठी पदकांचे गट ठरलेले आहेत आणि प्रत्येक गटातून निवड करावी लागते. चालू नियमपुस्तकातलं ते पान मास्तरांकडून घ्या आणि निवड झाल्यावर त्यावर मास्तरांची खूण करून घ्या. परीक्षक जिल्हा संस्थेने मान्य केलेला हवा. सोसायटीतल्या डॉक्टरांनी सद्भावनेने दिलेली सही मोजली जात नाही.

सुतळी
2027 च्या सिंहस्थाची सेवा लॉगबुकात चांगली दिसेल म्हणून पोराला एकट्याने पाठवू नका हं. पथकाबरोबर, मास्तरांच्या हाताखाली, पाणी वाटप किंवा हरवले-सापडले कक्ष एवढंच. गर्दी अडवायला उभं करत असतील तर नाही म्हणा.

म्हसरूळचा_कंपास
+1. आणि ताई, चाचणी शिबिरात प्रवेशापासूनचं सगळं पुन्हा विचारतात. नियम, वचन, ध्वजाची घडी, खुणांच्या वाटा (खुणा वाचून वाट काढणं). आठवीतल्या मुलाला ते बाळबोध वाटतं, म्हणून तेच विसरलेलं असतं. रविवारी अर्धा तास फक्त त्यालाच द्या.