वृषणाचा कर्करोग : केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी काय तयारी करावी?

यावल तालुक्यातून प्रश्न :
माझे वय 28 असून आमची केळीची बाग आहे. उजव्या वृषणात न दुखणारी गाठ लागली, ती मी लाजेपोटी तीन महिने दडवली. अखेर जळगावला जांघेतून छेद घेऊन ते वृषण काढले आणि तपासणीत नॉन-सेमिनोमा प्रकारचा कर्करोग निघाला. पोटातील लसिका ग्रंथीही वाढल्या असल्याने डॉक्टरांनी बीईपी या केमोथेरपीची तीन आवर्तने सांगितली आहेत. वडिलांचे म्हणणे असे की, बाग कापणीला आली आहे, ती उरकून महिनाभराने सुरुवात करावी. लग्नाला अजून वर्ष झालेले नाही, मूलही नाही. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे.

धुळ्याहून उत्तर :
भाऊ, पहिल्या सलाईनआधी शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना आजच विचारा. उपचारांनंतर अनेकांची प्रजननक्षमता परत येते, पण ती येईलच असे कोणी सांगू शकत नाही. मला त्या वेळी हे कोणी सुचवले नाही आणि विचारायचे मलाही सुचले नाही.

बीईपी म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. आवर्तन 21 दिवसांचे असते. साधारणपणे पहिले पाच दिवस रोज सलाईन आणि आठवड्यातून एकदा ब्लिओमायसिन. सिस्प्लॅटिनचा भार मूत्रपिंडांवर पडतो, म्हणून औषधाच्या आगेमागे भरपूर सलाईन देतात. मात्र घरी आल्यावर आपल्याकडच्या उन्हाळ्यात बागेत एक फेरी मारली तरी अंगातले पाणी आटते, तेव्हा त्या काळात बागेकडे फिरकूच नका. उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल, तर तसे कळवा. कानात सतत आवाज येऊ लागला, तर तेही सांगा. ब्लिओमायसिन फुप्फुसांना बाधू शकते. विडी, तंबाखू असेल तर आजपासून बंद, आणि पुढे कधीही शस्त्रक्रिया झाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाचे नाव अवश्य सांगा.

ताप 100.4 अंश फॅरनहाइट झाला की गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेला संसर्ग काही तासांत बळावतो. रात्री-अपरात्री निघेल अशी गाडी गावात आधीच सांगून ठेवा.

जळगावहून, एका रुग्णाची पत्नी :
आमच्याकडे फोडणीचा वास आला तरी यांना मळमळत असे. तोंड आल्यावर भरीत, ठेचा सारे बंद झाले. मऊ खिचडी आणि ताजे शिजवलेले तेवढेच चालले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील नावे जुळतात का, ते आधी पाहा. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

भुसावळहून उत्तर :
वडिलांना डॉक्टरांसमोर बसवा. 1974 मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी या रोगावर सिस्प्लॅटिन वापरण्यास सुरुवात केली. त्याआधी पसरलेल्या रोगातून थोडेच वाचत, आज बहुतेक जण बरे होतात. पण ते औषध ठरल्या तारखांना गेले पाहिजे. एएफपी आणि बीटा-एचसीजी या, रोग वाढतोय का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे त्यांना दाखवा. शेतकरी माणसाला वाढता आकडा लगेच कळतो.

प्रश्नकर्ता :
आज वडिलांना सोबत नेले होते. कापणी चुलतभाऊ पाहणार आहे. शुक्राणूंचे नमुने याच आठवड्यात द्यायचे ठरले असून सलाईन सोमवारपासून आहे.