मदत हवी आहे: धनुष्य ओढताना उजवा खांदा दुखतोय

मंडळी, वय ४१, दीड वर्षापासून रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारतोय, हौस म्हणूनच. १८ मीटरवर ग्रुपिंग (बाण एकमेकांजवळ लागणं) बऱ्यापैकी यायला लागलं आणि मी नको तो शहाणपणा केला, २४ पाउंडाचे (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारे) लिम्ब्स, धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या, काढून थेट ३२ चे लावले. आता चाळीसेक बाण झाले की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बायकोने मोबाईलवर व्हिडिओ काढला तर दिसलं की ओढताना खांदा पार कानाजवळ चढतोय आणि कोपर बाणाच्या रेषेच्या खाली राहतंय, म्हणजे पाठीऐवजी सगळा भार दंडावर नि खांद्यावर. सर म्हणतात "पाठीने ओढ", पण ते नक्की कसं हे काही केल्या अंगात उतरत नाही हो. सध्या २४ वर परत आलोय, टार्गेटचा कागद काढून पाच मीटरवरून नुसतं मारतोय, घरी रबर बँड. (क्लिकर, म्हणजे बाण पूर्ण ओढला की 'टिक' वाजणारी पट्टी, तर डब्यातच पडलाय.) कोणाला असा त्रास होऊन बरा झालाय का? किती दिवस पूर्ण बंद ठेवलं होतं? आणि पाठ वापरली जातेय हे तुम्हाला कशावरून कळलं, तेवढं सांगा. फिजिओची वेळ शनिवारची मिळालीये, तोवर रबर बँड चालू ठेवू का तोही बंद?