डिकीत अ‍ॅम्पसाठी गोलाईची पेटी: एमडीएफ वाकवू की फायबर करू?

नवा_सूर
हॅचबॅकच्या डिकीत उजवीकडे, चाकाच्या कमानीमागचा कोपरा मोकळा आहे. तिथे बाजूला धरून वळणारी पेटी करून आत मोनोब्लॉक, म्हणजे सबवूफरसाठीचा एका चॅनेलचा अ‍ॅम्प बसवायचाय (क्लास डी, सलग ताकद १००० वॉट आरएमएस). गोलाईची त्रिज्या साधारण १५० मिमी, वळण काटकोनी. १२ मिमी एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) मागून करवतीचे काप देऊन एक तुकडा वाकवून पाहिला. बाहेरून पैलू पडले आणि एका कापावर तो कडकन मोडला. फायबर (काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून घडवणं) कधी केलेलं नाही. कुठे चुकतंय? कोणी केलं असेल तर सांगा.

सुतारपक्षी
पद्धत बरोबर आहे, काप कमी पडले. काटकोनी वळणात आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जाडीच्या साधारण दीडपट आखूड होते. १२ मिमीला १८-१९ मिमी धरा. तेवढी जागा कापांतून निघायला हवी. पातं ३ मिमीचं असेल तर सहा कापांतच ती निघते, पण बाहेरचं वळण साडेतेवीस सेंमी लांब आहे. म्हणजे दर चार सेंमीला एक पैलू, तो दिसणारच. दीड मिमीचं पातं लावा आणि दोन-दोन सेंमीवर बारा काप घ्या. बाहेरच्या अंगाला २ मिमी लाकूड सगळीकडे सारखं राहू द्या. जिथे ते पातळ झालं तिथेच तुमचा तुकडा मोडला असणार.

मी स्वतः आता काप घेतच नाही. १८ मिमी प्लायच्या तीन कमानी कापून साचा करतो आणि त्यावर ३ मिमी एमडीएफचे चार थर एकेक करून चिकटवतो. प्रत्येक थराला पूर्ण अंगभर डिंक, भरपूर क्लॅम्प, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सोडल्यावर किंचित उलगडतं, म्हणून साच्याची त्रिज्या थोडी कमीच ठेवा. कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना सीलर लावल्याशिवाय रेक्झिन चढवू नका.

वायरमन_१२व्होल्ट
गोलाईच्या आधी हवेचं ठरवा, ही कळकळीची विनंती. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी पूर्ण ताकदीवर १००० वॉट बाहेर पडताना २५० वॉट उष्णता होते. गाण्यांत सरासरी बरीच कमी असते, पण बंद पेटीत तीही साचत जाते. माझी पहिली पेटी दिसायला देखणी होती. लांबच्या प्रवासात तासाभराने अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे तापून स्वतःच बंद पडायचा, झाकण काढलं की पुन्हा सुरू. शेवटी खाली दोन झरोके कापले, वर ८० मिमीचे दोन पंखे बसवले आणि त्रास थांबला. पंखे रिमोटच्या तारेवर (स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू करणाऱ्या बारीक तारेवर) थेट टांगू नका, मध्ये रिले घाला.

नवा_सूर
मग अ‍ॅम्प वळणाऱ्या भिंतीवरच लावला तर?

वायरमन_१२व्होल्ट
नको. मागे सपाट प्लायचा पाट गाडीच्या बॉडीला घट्ट बसवा, अ‍ॅम्प त्यावर. गोलाई म्हणजे नुसतं झाकण, स्क्रूवर निघणारं. गेनचं (आवाजाची पातळी जुळवायचं) बटण आणि फ्यूज दोन्हींपर्यंत हात गेला पाहिजे, स्टेपनी काढतानाही पेटी आडवी येता कामा नये. अ‍ॅम्प सबवूफरच्या पेटीवर तर अजिबात नको, सततच्या थरथरीने सोल्डरचे जोड सुटतात. अर्थची तार आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत.

रेझिनकर
फायबर हवं तेव्हाच करा जेव्हा वळण दोन दिशांना आहे. तुमचं एकाच दिशेला आहे, एमडीएफच पुरेल. पॉलिएस्टर रेझिनचा वास डिकीत महिनाभर राहतो, शिवाय घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते.

नवा_सूर
ठरलं, चार थरांचं झाकण आणि मागे सपाट पाट. आज पुठ्ठ्याचा साचा डिकीत धरून पाहिला, तर मागचं दार बंद करताना बिजागरीचा दांडा वरच्या कडेला घासतोय. तिथे २० मिमी खाली उतरवतो, म्हणजे वरच्या पंख्यांनाही हवा सुटायला फट मिळेल.