शब्दचर्चा : 'उपरोधिक शेवट' म्हणावं का?

प्रश्न : फ्रेंच कथाकार मोपासाँच्या हिऱ्यांच्या हाराच्या कथेविषयी (१८८४) लिहिताना 'शेवट उपरोधिक आहे' असं म्हटलं तर बरोबर ठरेल का? इंग्रजी 'आयरनी'ला कोशात उपरोधच सापडतो. हल्ली 'विडंबना'ही वाचायला मिळतं.

उत्तर : नुसतं 'उपरोधिक' नको. उपरोध बोलणाऱ्याचा असतो. त्याला उलटा अर्थ माहीत असतो आणि ऐकणाऱ्याला तो बोचावा अशी इच्छाही असते. तासभर उशिरा आलेल्याला 'फारच लवकर आलात!' म्हणणं हा उपरोध. टोमणा, शालजोडीतला ही त्याचीच भावंडं.

इथे तसं कोणी बोलतच नाही. कथेची नायिका मातिल्द मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवते. नवरा-बायको तसाच हार ३६,००० फ्रँकना घेऊन परत करतात आणि १० वर्षं कर्ज फेडतात. मग मैत्रीण हळहळून सांगते, माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. तिच्या बोलण्यात तिरकसपणा नाही, उलटली आहे ती परिस्थिती. म्हणून समीक्षेत 'परिस्थितीजन्य उपरोध' लिहावं. शब्द जड वाटला तर सरळ सांगावं : अब्रू वाचवायला जे केलं, त्यातच आयुष्य झिजलं.

'विडंबना' हा अर्थ हिंदीच्या वळणाचा आहे. मराठी वाचकाला त्यातून विडंबनकाव्य आठवतं. 'विपर्यास'ही टाळा, बोलण्याचा विपर्यास करतात.

यावर : 'दैवदुर्विलास' का नको? रुळलेला शब्द आहे.

उत्तर : रुळलेला आहे, पण तो सगळा भार दैवावर टाकतो. हार हरवला हे दैव म्हणू. हरवल्याचं लपवलं, हा मात्र त्या दोघांचा निर्णय. एका वाक्यात खरं सांगितलं असतं तर १० वर्षं वाचली असती. कथेची धार तिथेच आहे आणि 'दैवदुर्विलास' ती बोथट करतो. भूकंपात सापडलेल्या माणसाच्या कथेला तो शब्द शोभेल.

भर : 'कलाटणी'शीही गल्लत होते. कलाटणीने वाचक चकित होतो, पण तेवढ्याने उपरोध साधत नाही. परीक्षा अशी : शेवट कळल्यावर कथा पुन्हा वाचा आणि आधीच्या वाक्यांचा अर्थ बदलतो का, ते पाहा. इथे बदलतो. मैत्रीण हार सहज देऊन टाकते. डबीवर ज्याचं नाव आहे तो जवाहिऱ्या म्हणतो, हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली असणार. परत घेताना मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. पहिल्या वाचनात हे साधे तपशील वाटतात. नवशिक्या कथांमध्ये नेमकं हेच राहून जातं : शेवट उलटतो, पण मागे काहीच पेरलेलं नसतं.

आणखी एक : उपरोध आणि ध्वनी (शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ) यांतली सीमा बघायची तर गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातली 'भम धम्मिअ वीसत्थो' ही गाथा घ्या. दोन ओळींची कथाच आहे ती. बाई म्हणते, धार्मिका, खुशाल फिर. तो कुत्रा आज गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारला. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कसा जाईल? प्रियकराला गुपचूप भेटण्याच्या तिच्या जागी त्याने फुलं तोडायला येऊ नये, एवढाच तिचा हेतू. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या ग्रंथात हेच उदाहरण घेतलं आहे : वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) 'फिर', व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) 'फिरू नकोस'.

अर्थ उलटा असूनही हा उपरोध नाही. उपरोधाला बोचायचं असतं, हिला तर हेतू लपवायचा आहे. धार्मिक घाबरतो, पण का घाबरवलं ते त्याला कळत नाही. वाचकाला कळतं. पात्रापेक्षा वाचकाला अधिक ठाऊक असण्याच्या या स्थितीला 'नाट्यात्म उपरोध' म्हणतात.

प्रश्नकर्ता : म्हणजे शब्द निवडण्याआधी कोणाला काय माहीत आहे ते बघायचं?

उत्तर : हो, आणि केव्हा कळतं तेही. हार खोटा आहे हे मोपासाँने पहिल्या पानावरच सांगितलं असतं, तर घटना त्याच राहून ती १० वर्षं आपण नाट्यात्म उपरोध म्हणून वाचली असती.